तिसऱ्या चिंचोक्याची कुचंबणा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की हडपसरच्या पुढे मांजरी लागते. पूर्वी हे स्वतंत्र गाव होते. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत आले. या एका गावाच्या शिवारात विज्ञानाची किती घरे आहेत पाहा. ऊस आणि साखर यांवर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था १९७५ साली येथे सुरू झाली. द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही येथेच आहे. ‘मांजरी नवीन’ या नावाचा द्राक्षाचा वाण त्याच केंद्राने दिला. शिवाय सीरम इन्स्टिट्यूटचा लसी तयार करण्याचा मोठा कारखाना याच गावात उभा आहे.

अशा गावातल्या मुलाला ‘विज्ञान कशासाठी?’ असे विचारले, तर तो काय सांगेल? उसाला साखर जास्त यावी, द्राक्षाचा घड टिकावा, साथीचा रोग टळावा, यासाठी. उत्तर बरोबर आहे. त्यात कमीपणा तर मुळीच नाही. पण ते अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे आपल्या शाळांत कोणी सांगत नाही, आणि ते सांगितले जावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शाळेत सोडवायला दिलेल्या प्रत्येक गणिताला एक उत्तर असते, आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. त्यामुळे मुलांना वाटू लागते की, उत्तर सापडले नाही तर चूक आपलीच. परंतु विज्ञानात असेही प्रश्न आहेत की, ज्यांच्या सगळ्या अटी पाळणारे उत्तर नसतेच. तेथे ‘असे उत्तर नाही’ हे सिद्ध करणे हेच पहिले काम, आणि मग त्यातल्या त्यात बरी उत्तरे किती हे मोजणे हे दुसरे काम. असा एक तरी प्रश्न माध्यमिक शाळेत शिकवला पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा नको, पैसे नकोत. मूठभर चिंचोके पुरेत. शिवाय या प्रश्नाचा एक मोलाचा भाग आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत, सोडवला गेला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. पदार्थाच्या अवस्था किती, असे विचारले की वर्गातले सगळे हात वर होतात : तीन! घन, द्रव आणि वायू. बर्फ वितळून पाणी होते, पाणी उकळून वाफ होते. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याच्या या घटनेला अवस्थांतर म्हणतात. साखर कारखान्यात आटवलेल्या रसातून साखरेचे दाणे बाहेर पडतात, तेही एक प्रकारचे अवस्थांतरच. रसात साखरेचे रेणू सैरावैरा फिरत असतात. दाण्यात ते ओळीने, शिस्तीत बसतात.

पण अवस्थांतरे एवढीच नाहीत. लोखंडाचा चुंबक तापवत नेला, तर ७७० अंश सेल्सियसच्या आसपास त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. लोखंड वितळलेले नसते, त्याचा आकारही बदललेला नसतो. पण आतली एक शिस्त मोडलेली असते. लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारीकसा चुंबक समजा. थंड लोखंडात हे अणुचुंबक शेजाऱ्याकडे पाहून एकाच दिशेला तोंड करतात, कवायतीच्या मैदानावर मुले उभी राहतात तसे. उष्णता त्यांना सारखी धक्के देत असते. धक्के फार वाढले की कवायत मोडते. एका बाजूला शेजाऱ्याचा आग्रह, दुसऱ्या बाजूला उष्णतेची धक्काबुक्की. यांत कोण वरचढ, यावर पदार्थाची अवस्था ठरते.

हे सारे गणिताने समजून घेता यावे म्हणून जर्मनीतील विल्हेल्म लेंझ यांनी १९२० साली एक अगदी साधे प्रतिरूप सुचवले. कागदावर ठिपके काढायचे. प्रत्येक ठिपक्यावर एक बाण, तोंड वर किंवा खाली, तिसरी दिशा नाही. आणि प्रत्येक बाण फक्त शेजारच्या बाणांचे ऐकतो. त्यांचे विद्यार्थी एर्न्स्ट ईझिंग यांनी एका रांगेतल्या ठिपक्यांचे गणित सोडवले आणि १९२५ साली प्रसिद्ध केले. एकाच रांगेत अवस्थांतर होत नाही, असे त्यांना आढळले. पुढे १९४४ साली लार्स ऑन्सागर यांनी चौकोनी जाळीचे अवघड गणित सोडवून दाखवले की, तेथे मात्र ठरावीक तपमानाला शिस्त खरोखर मोडते. कागदावरच्या ठिपक्यांनाही त्यांचा ‘वितळणबिंदू’ असतो!

येथपर्यंत शेजारी एकमेकांसारखे वागू पाहत होते. पण सगळ्या पदार्थांत असे नसते. काही पदार्थांत प्रत्येक अणुचुंबकाला शेजाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करायचे असते. फ्रान्सचे लुई नेल यांनी १९३०च्या दशकात अशा पदार्थांचा सिद्धांत मांडला, आणि १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पदार्थांना प्रतिलोहचुंबक म्हणतात. मँगनीज ऑक्साइड हे त्याचे उदाहरण. आत शिस्त असते, पण एक वर, एक खाली, अशी. त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जाणवत नाही.

शेजाऱ्याच्या उलट वागायचे, यात अवघड काय? चार ठिपके चौकोनात मांडले तर काहीच अवघड नाही. वर, खाली, वर, खाली, चौघेही खूश. आता एक ठिपका काढून टाका आणि तिघांचा त्रिकोण करा.

समजा, गणू, बंडू आणि रमा कबड्डी खेळायला आली आहेत. संघ दोनच. गणू म्हणतो, ‘बंडू माझ्या विरुद्ध हवा.’ बंडू म्हणतो, ‘रमा माझ्या विरुद्ध हवी.’ रमा म्हणते, ‘गणू माझ्या विरुद्ध हवा.’ करा बरे संघ! गणू एका संघात, बंडू दुसऱ्यात. मग रमा कोठेही गेली तरी तिच्या संघात दोघांपैकी एक जण असणारच. तिघांचे संघ पाडण्याचे एकूण प्रकार आठ. त्यांतल्या दोन प्रकारांत तिघेही एकाच संघात येतात आणि तिन्ही जोड्यांची तक्रार राहते. उरलेल्या सहा प्रकारांत प्रत्येकी एकाच जोडीची तक्रार राहते. एकही तक्रार नसलेला प्रकार नाही. तुम्ही कितीही हुशार असलात तरी नाही, आणि संगणक आणून बसवला तरी नाही!

इंग्रजीत या स्थितीला ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. फ्रान्सच्या जेरार तुलूज यांनी १९७७ साली हा शब्द चुंबकांच्या शास्त्रात रूढ केला. मराठीत कोणी त्याला वैफल्य म्हणतात. मला आपला ‘कुचंबणा’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. इकडे आड आणि तिकडे विहीर अशा पेचात सापडलेल्या माणसाची जी गत होते, तीच या तिसऱ्या अणुचुंबकाची होते. त्याचा दोष काहीच नाही. दोष असलाच तर तो बसायच्या जागेचा, त्रिकोणाचा.

आता चिंचोके घ्या. चिंचोका फोडला की त्याची दोन दले होतात. दलाची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. अशी दले पटाच्या खेळात दान टाकायला वापरतात, हे तुम्हांला माहीत असेल. पांढरी बाजू म्हणजे ‘वर’, काळी बाजू म्हणजे ‘खाली’. ठिपक्यांची रांगोळी दोन तऱ्हेने काढतात. एकीत ठिपके सरळ ओळींत एकाखाली एक येतात. दुसरीत खालच्या ओळीचा ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. पहिल्या रांगोळीवर दले ठेवून पाहा : काळे, पांढरे, काळे, पांढरे, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी बिनतक्रार जमते. दुसऱ्या रांगोळीवर मात्र जिकडेतिकडे त्रिकोणच त्रिकोण. आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी. प्रत्येक त्रिकोणात निदान एक तक्रार राहणारच.

मग प्रश्न असा पडतो : ही त्रिकोणी जाळी थंड करत नेली तर कोणत्या तपमानाला शिस्त येईल? १९५० साली ग्रेगरी वानिए यांनी याचे उत्तर गणिताने काढले. उत्तर होते : कधीच नाही! निरपेक्ष शून्य, म्हणजे उणे २७३ अंशांपर्यंत खाली गेले तरी ही जाळी शिस्तीत गोठत नाही. कारण सगळ्यांत कमी तक्रारींची मांडणी एकच नसते. अशा मांडण्या असंख्य असतात, आणि त्यांतली हीच का निवडावी याला कारण नसते. कडांचा परिणाम सोडून दिला तर दर ठिपक्यामागे या मांडण्यांची संख्या सुमारे १.३८ पटीने वाढते. आकडा किरकोळ दिसतो. पण शंभर ठिपके घेतले तर मांडण्या होतात एकावर सुमारे चौदा शून्ये, म्हणजे शंभर लाख कोटींच्या घरात! गंमत म्हणजे वानिए यांचे सूत्र बरोबर होते, पण त्यातून काढलेला शेवटचा आकडा चुकला होता. त्याची दुरुस्ती त्यांनी १९७३ साली छापली. तेवीस वर्षांनी आपली आकडेमोड सुधारून देणारा शास्त्रज्ञ मला तर गुरुजींइतकाच आदरणीय वाटतो.

ही केवळ कागदावरची करमणूक आहे, असे समजू नका. तुमच्या सरबतातला बर्फसुद्धा थोडा कुचंबलेला असतो. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनच्या भोवती चार हायड्रोजन असतात. दोन जवळ, दोन दूर. कोणते दोन जवळ, हे ठरवायला फार मोठी मोकळीक असते. लायनस पॉलिंग यांनी १९३५ साली हिशेब मांडला की, दर रेणूमागे दीडपट एवढी मोकळीक बर्फात उरत असणार. पुढच्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या मोजमापाने त्याला दुजोरा दिला. म्हणजे ‘घन पदार्थात सगळे कसे जागच्या जागी असते’ हे पुस्तकातले वाक्य बर्फालाही पुरतेपणी लागू पडत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी, समुद्राकाठी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे चंचलकुमार मजुमदार नावाचे तरुण प्राध्यापक होते, आणि दीपन घोष हे त्यांचे विद्यार्थी होते. त्यांनी एक साधा प्रश्न घेतला. अणुचुंबक एका रांगेत उभे आहेत. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट वागायचे आहे. पण त्याच वेळी त्याला एक सोडून पुढच्याच्याही उलट वागायचे आहे. लगेच कुचंबणा सुरू! कारण शेजाऱ्याचा शेजारी आपल्यासारखा होणार, आणि त्याच्याशीही उलट वागायचे, तर ते जमणार कसे?

शिवाय हे बाण कागदावरच्या बाणांसारखे सरळ नव्हते. अणूंच्या जगात पुंजवादाचे नियम चालतात. तेथे दोन अणुचुंबक मिळून एक अशी जोडी करू शकतात की, जीत पहिला वर आणि दुसरा खाली, की पहिला खाली आणि दुसरा वर, हे ठरलेलेच नसते. दोन्ही शक्यता एकत्र नांदतात. दोघे एकमेकांच्या उलट आहेत एवढेच पक्के. अशा जोडीचे मिळून चुंबकत्व शून्य असते.

मजुमदार आणि घोष यांनी आधी छोट्या रांगा तपासल्या, आठ अणूंपर्यंतच्या. आणि १९६९ साली त्यांनी दाखवून दिले की, दूरच्या शेजाऱ्याचा आग्रह जवळच्या शेजाऱ्याच्या बरोबर निम्मा असेल, तर या कुचंबलेल्या रांगेचे अगदी अचूक उत्तर मिळते. सगळे अणू जोड्या करतात : पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा, सहलीला निघालेल्या मुलांनी दोघादोघांनी हात धरावेत तशा. किंवा दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा, अशा. टोके जोडून रांगेचे कडे केले, तर बस्स, एवढी दोनच उत्तरे.

बरोबर निम्मा, तो का? हे तुम्हांलाही समजण्यासारखे आहे. रांगेतले पहिला-दुसरा-तिसरा असा एक त्रिकोण समजा, दुसरा-तिसरा-चौथा हा पुढचा त्रिकोण, असेच पुढे. लगतच्या दोघांना जोडणारी बाजू दोन-दोन त्रिकोणांत येते. एक सोडून पुढच्याला जोडणारी बाजू एकाच त्रिकोणात येते. म्हणून प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या धरल्या, तर बेरजेत जवळचा आग्रह दुप्पट आणि दूरचा एकपट होतो. निम्मा तो असा! आता प्रत्येक त्रिकोणात एक जोडी आणि एक सुटा अणू येतो. जोडीतला एक जण सुट्याला ‘वर हो’ म्हणतो तेव्हा दुसरा ‘खाली हो’ म्हणतो, तेही अगदी सारख्या जोराने. दोन्ही आग्रह एकमेकांना छेद देतात आणि सुट्याची त्या त्रिकोणापुरती सुटका होते. तो सुटा मग पलीकडच्या अणूशी आपली जोडी जमवून मोकळा! इतके सुरेख उत्तर, आणि त्याचे मर्म शालेय बेरजेत सांगता येते. या प्रतिरूपाला आज जगभर ‘मजुमदार-घोष प्रतिरूप’ म्हणतात.

येथेच एक नव्या तऱ्हेचे अवस्थांतरही दडलेले होते. दूरचा आग्रह शून्यापासून हळूहळू वाढवत नेला, तर सुरुवातीला जोड्या जमत नाहीत. रांग चंचल राहते. तो आग्रह जवळच्याच्या सुमारे ०.२४ पट झाला की रांग जोड्यांच्या अवस्थेत शिरते. हा नेमका आकडा १९९२ साली जपानच्या संशोधकांनी काढला. हे अवस्थांतर उष्णतेने होत नाही. निरपेक्ष शून्यावरसुद्धा होते. उष्णतेचे धक्के नसताना केवळ आग्रहांच्या प्रमाणामुळे होणारे अवस्थांतर! घन, द्रव, वायू यांच्या यादीत ते कोठे बसवणार?

गोष्ट पुढे गेली. मुंबईच्या याच संस्थेत डॉक्टरेट मिळवलेले श्रीराम शास्त्री आणि अमेरिकेचे बिल सदरलँड यांनी १९८१ साली जोड्यांची हीच युक्ती रांगेऐवजी जाळीवर नेली. तेव्हा तसा पदार्थ कोणाच्या हातात नव्हता. अठरा वर्षांनी, १९९९ साली, जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की, स्ट्राँशियम, तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगात तांब्याचे अणू नेमके त्याच नकाशाप्रमाणे बसलेले आहेत. आणि २०२१ साली याच संयुगावर वातावरणाच्या सुमारे वीस हजार पट दाब देऊन, निरपेक्ष शून्याहून काही थोड्या अंशांवर, संशोधकांना एक ओळखीची गोष्ट दिसली. पाण्याला ३७४ अंशांवर, मोठ्या दाबाखाली, असा एक बिंदू असतो की, त्याच्यापुढे पाणी आणि वाफ यांतला भेदच मिटतो. त्याला क्रांतिक बिंदू म्हणतात. कुचंबलेल्या चुंबकातही तसाच बिंदू निघाला! ज्या पाण्यापासून आपण अवस्थांतराचा धडा सुरू केला, तेथेच फिरून येऊन पोचलो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शिक्षकांचा असेल : अभ्यासक्रम आधीच डोईजड झाला आहे, त्यात हे आणखी कोठे घुसवायचे? मी पूर्ण धडा मागत नाही. एक तास मागतो. अवस्थांतराच्या धड्यानंतर एका तासाला चिंचोक्यांची दले, खडूने काढलेले ठिपके आणि तीन मुलांची कबड्डी. सूत्र एकही नको.

दुसरा आक्षेप असा : परीक्षेत याला गुण कसे द्यायचे? उत्तरे अनेक आली तर तपासायची कशी? मला हाच या प्रश्नाचा मोठा गुण वाटतो. एका मुलाची मांडणी दुसऱ्यापेक्षा निराळी, आणि तरीही दोघांच्या तक्रारी सारख्याच. अशा वेळी ‘शेजाऱ्याची वही पाहिली’ हा गुन्हाच उरत नाही! तपासायचे ते एवढेच, की मुलाने यापेक्षा कमी तक्रारी शक्य नाहीत हे पटवून दिले का. उत्तर पाठ करून येईल, पण पटवून देणे पाठ करता येत नाही.

तिसरा आक्षेप आपला जुनाच : याचा उपयोग काय? उपयोग दाखवता येईल. तांब्यात थोडे मँगनीज विखुरले की त्यातले अणुचुंबक असेच कुचंबतात. तशा पदार्थांचे गणित सोडवणाऱ्या इटलीच्या जॉर्जो पारिझी यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विचारांच्या आधाराने जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ साली स्मरणशक्तीचे एक प्रतिरूप मांडले. आज ज्या विचार करणाऱ्या यंत्रांचा बोलबाला आहे, त्यांच्या पायाशी ते आहे, आणि त्याबद्दल त्यांनाही २०२४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हॉपफील्ड यांच्या जोडीने २०२२ साली बोल्ट्झमन पदक कोणाला मिळाले, ठाऊक आहे? दीपक धर यांना. त्यांचे आयुष्यभराचे काम मुंबईच्या टाटा संस्थेतले, आणि पदक मिळाले तेव्हा ते पुण्यात पाषाणच्या आयसर संस्थेत होते. म्हणजे मांजरीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय.

हे सगळे खरे. तरीही त्रिकोणाची बाजू मी उपयोगावर लढवणार नाही. मजुमदार आणि घोष रांगेतल्या जोड्या मोजत होते तेव्हा यंत्रे विचार करतील म्हणून मोजत नव्हते. प्रश्न सरळ होता आणि उत्तर ठाऊक नव्हते, एवढे कारण त्यांना पुरले. उपयोग आधी विचारला असता तर पहिल्या आठ अणूंचा हिशेबही झाला नसता. ऊस, द्राक्ष आणि लस यांना मान द्यावा, जरूर द्यावा. पण ‘उपयोग काय?’ हा प्रश्न दारात उभा करून प्रत्येक नव्या जिज्ञासेला अडवू नये.

आणि आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. तीन पेपर आणि दोनच सत्रे, पण प्रत्येक दोन पेपरांना बसणारी काही मुले सामाईक. अशा वेळी वेळापत्रक करणाऱ्या गुरुजींची कुचंबणा होतेच. घरी, गावात, पाण्याच्या पाळीत, असे प्रसंग रोज येतात. ज्याने कधी त्रिकोण सोडवून पाहिला नाही, तो अशा वेळी कोणाचा तरी दोष शोधत बसतो. स्वतःचा, नाहीतर तिसऱ्याचा. ज्याने पाहिला आहे, तो आधी विचारतो : सगळ्यांचे समाधान मुळात शक्य आहे का? नसेल, तर कमीत कमी तक्रारी किती, आणि आज रमाची तक्रार राहिली तर उद्या बंडूची राहू द्यावी का? हा विचार करायला शिकवणे हे विज्ञानाच्या तासाचेच काम आहे.

तेव्हा मित्रांनो, गुरुजींची वाट पाहत बसू नका. अंगणात सहा ठिपके काढा : वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन. लगतचे ठिपके रेघांनी जोडा. नऊ रेघा आणि चार लहान त्रिकोण होतील. प्रत्येक ठिपक्यावर चिंचोक्याचे एक दल ठेवा. रेघेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची दले आली की एक तक्रार धरा. एकूण मांडण्या चौसष्ट. तीनपेक्षा कमी तक्रारी कोणालाच जमणार नाहीत. का जमणार नाहीत, हे कोपऱ्यांतल्या तीन त्रिकोणांकडे नीट पाहून सिद्ध करा. आणि बरोबर तीनच तक्रारी असलेल्या मांडण्या किती? ते मी सांगत नाही. मोजा, मित्राशी ताडून पाहा, आणि आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजा. याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शोधू नका.